पाणी किती वाजता?



आजच्या पदवीदान समारंभात परिचय करून देण्यासाठी माझ्याकडे कारकिर्दीची माहिती मागितली होती. लिहायला बसले, तर एक ओळ दुसरीला जुळेना. सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक, मग रेडिओच्या जाहिराती, नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूर, तिथं दोन वर्षं घरी, पुढे एका कंत्राटदाराकडे रहिवाशांसाठी सूचना लिहिण्याचं काम आणि शेवटची बारा वर्षं पाणीधोरणावर टिपणं. सूत्रसंचालकांनी मला ‘चतुरस्र’ म्हटलं. आमच्या घरी याला धरसोड म्हणतात.

सांगलीत पहिल्याच महिन्यात मी पाणीपुरवठ्याच्या ठरावावर तीनशे शब्द लिहिले होते. ठराव क्रमांक, विरोधकांचा सभात्याग, सगळं होतं. वृत्तसंपादकांनी कागद परत केला. वर लाल पेनानं एवढंच लिहिलेलं : ‘पाणी किती वाजता?’ मला राग आला. बातमी धोरणाची होती, नळाची नव्हती!

पाण्याचं धोरण म्हणजे काय, ते पुढे सिंगापुरात दिसलं. मी राहते वुडलँड्सला, सिंगापूरच्या उत्तर टोकाला. तिथून मलेशियात जाणारा, किलोमीटरभर लांबीचा कॉजवे 1924 साली रीतसर खुला झाला. त्याच्या कडेनं मलेशियातल्या जोहोर राज्याचं पाणी आणणारे मोठे नळ आहेत. 31 जानेवारी 1942 ला माघार घेताना ब्रिटिशांनी कॉजवे उडवला, त्यात नळही तुटले. पुढे 1962 मध्ये सिंगापूरचा जोहोरशी करार झाला : दिवसाला 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी, हजार गॅलनला तीन सेन, मुदत 2061 पर्यंत. नळ परक्या देशातून येत असला की पाणी हा खात्याचा विषय राहत नाही, परराष्ट्रधोरण होतो.

त्याच वुडलँड्समध्ये एकदा इमारतीवरच्या टाक्या धुवायच्या होत्या. सूचना मी लिहिली होती. नियमाचा हवाला, दिलगिरी, संपर्क क्रमांक, सगळं चोख. लिफ्टपाशी ती वाचत उभ्या असलेल्या शेजारच्या चिनी आजींनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली, चष्मा वर केला आणि मला विचारलं, ‘‘वॉट टाइम गॉट वॉटर?’’ वेळ चौथ्या परिच्छेदात होती. तेव्हा सांगलीचा लाल पेन आठवला. बारा वर्षं उशिरा, पण आठवला.

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं सिंगापूरनं ठरवलं, तेव्हा त्या पाण्याला ‘न्यूवॉटर’ नाव दिलं आणि सांडपाण्याला ‘वापरलेलं पाणी’ म्हणायला सुरुवात केली. 2002 च्या राष्ट्रीय दिनी सुमारे साठ हजार लोकांनी त्या पाण्याच्या बाटल्या उंचावल्या. चार वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरानं तशाच योजनेला जनमतात साठ टक्क्यांहून जास्त मतांनी नकार दिला. आमच्या व्यवसायातले लोक ही जोडगोळी फार आवडीनं सांगतात, जणू नाव चांगलं ठेवलं की काम झालं. ते खरं नाही. सिंगापूरनं 1974 मध्येच असा प्रायोगिक प्रकल्प काढला होता आणि तो महाग नि बेभरवशाचा ठरल्यानं पुढच्याच वर्षी गुंडाळला होता. पटलं-परवडलं ते गाळण्याचे पडदे सुधारले, स्वस्त झाले तेव्हा. नाव त्यानंतर आलं. तेव्हा श्रेय घेताना आपण संज्ञापनवाल्यांनी हात जरा आखडता घ्यावा. आपलं काम एवढंच, की झालेली गोष्ट रांगेतल्या माणसाला त्याच्या प्रश्नाच्या क्रमानं कळावी. एवढंही आपल्याला क्वचितच जमतं. मला तर पगार मिळत असूनही जमलं नव्हतं.

तुमच्यातले काही वर्तमानपत्रात जातील, काही मंत्रालयात, काही तिसरीकडेच. तिसरीकडे गेलात तर घरी धरसोड म्हणतील, म्हणू द्या. शासन निर्णयाचे मसुदे लिहायची वेळ आली, तर पहिल्या ओळीत ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिण्याआधी जरा थांबा.

आता कामाचं. माझ्या पदवीपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं आणि ते मला नोकरीच्या मुलाखतीत, समोरच्या साहेबांनी दाखवल्यावर कळलं. तुमचं पदवीपत्र इथंच उघडून बघा. दुरुस्तीची खिडकी तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला आहे. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उघडी आहे.