अन्नाचे वेष्टन आणि आपली जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अन्नभेसळ म्हटली म्हणजे दुधातील पाणी किंवा तिखटातील विटांची भुकटी आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु चोख बेसनाचा, चांगल्या तेलात तळलेला वडाही ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत दूषित होऊ शकतो, आणि तो होतो केवळ एका कागदामुळे. खाद्यपदार्थ ज्यात बांधून किंवा वाढून दिला जातो, त्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंविषयी आज मी बोलणार आहे.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घेतली. या अधिनियमाने असुरक्षित अन्नाची व्याख्या करताना पदार्थाबरोबर त्याच्या वेष्टनाचाही विचार केला आहे. वेष्टनातील अपायकारक द्रव्यामुळे अन्न आरोग्यास घातक होत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते अन्नच असुरक्षित ठरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये वृत्तपत्राच्या कागदाविरुद्ध इशारा दिला. त्यानंतर वेष्टनविषयक २०१८ चे विनियम १ जुलै २०१९ पासून अमलात आले. वृत्तपत्रात अन्न बांधण्यास वा साठविण्यास त्यांनी स्पष्ट मनाई केली आहे.

ही मनाई का, हे समजून घेतले पाहिजे. सकाळी वृत्तपत्र चाळल्यावर बोटे काळी होतात, हा आपला नित्याचा अनुभव. ही शाई खनिज तेलात कालवलेली असते आणि कागदात मुरली तरी पुरती वाळत नाही. त्यावर गरम, तेलकट भजी ठेवली की तेल शाईला सोडवून घेते आणि तिच्यातील रंगद्रव्ये व रसायने पदार्थात उतरतात. शिवाय रद्दी किती हातांतून आणि किती धुळीतून आलेली असते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुले व वृद्ध यांना याचा धोका अधिक.

दुसरी बाजूही ध्यानात घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्मोकोलची एकदाच वापरावयाची ताटे, पेले व वाट्या बंद झाल्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. ही बंदी योग्यच आहे. पण प्लास्टिकची बशी बाजूला ठेवणारा विक्रेता रद्दीकडे वळला, तर एक नियम पाळताना दुसरा मोडला जाईल. कागदी पेलाही निर्धोक मानू नये. त्याला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांना असे आढळले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे राहिल्यास त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण मिसळतात.

मग हातगाडीवाल्याने करावे काय? त्याला रद्दी परवडते म्हणून तो ती वापरतो. ग्राहकाला अपाय करण्याचा त्याचा हेतू नसतो. त्याच्यापुढे तितकाच सोयीचा पर्याय न ठेवता केवळ दंडाची पावती फाडली, तर नियम कागदावरच राहील. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण, कोकणात केळीचे पान, कोरा व अन्नासाठी योग्य असा कागद, धुऊन वापरता येणाऱ्या स्टीलच्या बशा, हे सर्व आपल्या परिचयाचेच आहे. मात्र पाने स्वच्छ धुतलेली असावीत आणि द्रोण पिनांनी न टाचता काड्यांनी टोचलेले असावेत. पोटात गेलेली पीन लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

येथेच पंचायतीचे काम सुरू होते. स्टीलच्या बशा धुवायला वाहते पाणी लागते. आठवडी बाजारात खाद्यपदार्थांच्या दुकानांजवळ पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय नसेल, तर विक्रेत्याला एकाच बादलीतील गढूळ पाण्यात बशा बुचकळण्यावाचून गत्यंतर नाही. पत्रावळी लावण्याचे काम गावातील महिला बचत गटाला दिल्यास विक्रेत्याची सोय होईल आणि चार घरांना रोजगारही मिळेल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर मुलांना जिलेबी वाटली जाते. ती वृत्तपत्राच्या तुकड्यावर देऊ नका. मुलांना घरून वाटी आणावयास सांगा. पाठ्यपुस्तकातील धड्यापेक्षा हा पाठ त्यांच्या अधिक लक्षात राहील. अधिकारी बंधूंनीही आरंभ आपल्या कचेरीपासून करावा. चहाबरोबर येणारी भजी जुन्या छापील कागदात आली, तर ती परत पाठवावी, पण विक्रेत्याला कारण समजावून सांगावे. समज देऊनही जो ऐकणार नाही, त्याच्याविषयी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवावे.

कायदा झाला आहे, विनियमही झाले आहेत. आता बाजारात नळ आणि विक्रेत्याच्या हाती स्वच्छ द्रोण पोहोचला पाहिजे. एवढे आपण आपापल्या गावी केले, तर गावच्या मुलांच्या पोटात शाई जाणार नाही.