शिक्षण, लोकशाही आणि आपला निधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



गुणवंतांच्या या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. जन्मभर हाती खडू धरलेल्या माणसाने शाळेविषयीच बोलावे, हे उचित होय.

आपल्या पुण्यात, बुधवार पेठेत, १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. जागा दिली भिडे यांनी. पुढे साह्यास आले गोवंडे, परांजपे, वाळवेकर. हे स्नेही जोतीरावांच्या ज्ञातीचे नव्हते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली की, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. नामदार गोखले यांचे तशाच हेतूचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. स्वराज्यात मताचा अधिकार सर्वांस मिळाला. परंतु १९५१-५२ च्या निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे लावावी लागली, कारण बहुसंख्य मतदारांस नाव वाचता येत नव्हते. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क, जम्मू-काश्मीर वगळता, देशभर लागू होण्यास १ एप्रिल २०१० उजाडला.

तोही हक्क चौदाव्या वर्षी संपतो, आणि गळती नेमकी तेथेच लागते. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी आठवीनंतर आली नाही. धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी ती घरी राहिली, असे मागाहून कळले. आम्ही हजेरीपटात तिच्या नावावर रेघ ओढली. तिच्या घरी गेलो नाही. ती रेघ आम्हांस आजही टोचते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : गुणवंतांस बक्षिसे अवश्य द्यावीत, परंतु निधीचा अर्धा भाग नववी-दहावीत शाळा सुटू पाहणाऱ्या मुलांसाठी राखावा, आणि देताना ज्ञाती विचारू नये. "वर्गणी आपली, मग मुले परकी का?" असे कोणी म्हणेल. वाडा देताना भिड्यांनी हेच विचारले असते, तर आपल्या पणज्यांच्या हाती पाटी कधी आली असती? शिवाय त्या मुलांचे मत आणि आमच्या नातवाचे मत, दोन्ही सारख्याच वजनाची आहेत.

या कामी आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. सभेने ठराव करावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.