स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज इथे पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत एका बंद पडलेल्या जीपवर. हसू नका. पाऊस पडला, वापसा आला, पेरणीयंत्र जोडून तयार आहे आणि नेमका त्या सकाळी ट्रॅक्टर नुसता घुरघुरतो, सुरू होत नाही. कोरडवाहू माणसाचा वापसा दोन-तीन दिवसांचा. तो हुकला तर कपाशीचे आणि ज्वारीचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

श्रावण सरता सरता आम्ही पाच जण रायगड जिल्ह्यात पेण आणि रोह्याच्या भातशेतकऱ्यांना भेटायला गेलो होतो. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण समाधानी असतो. तिकडे तीन हजारांच्या आसपास पडतो. वाटेत डिझेल संपत आले म्हणून भर पावसात एकाकडून कॅनमधले डिझेल टाकीत ओतून घेतले. पेणपर्यंत गाडी नीट आली. रात्री मुक्काम केला. सकाळी रोह्याला निघायचे, तर स्टार्टर खणखणीत फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही.

आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. मारला स्टार्टर, पुन्हा मारला, पुन्हा मारला. एक कारागीर आला. बॉनेट न उघडताच म्हणाला, पंप गेला, उतरवून दुरुस्तीला पाठवावा लागेल. आम्ही खिशातले पैसे मोजायला लागलो.

पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचे गाव. हमरापूर, जोहे या गावांतही घरोघरी कारखाने. मूर्ती भरून निघालेला एक टेम्पोवाला आमचा तमाशा बघत होता. तो म्हणाला, "दादा, आता थांबा, बॅटरी संपवाल. एकदाच मारा, मी मागे सायलेन्सर बघतो." आम्ही मारला. तो म्हणाला, "धूर नाही. म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. वाटेत कुठे अडले ते न बघता पंप गेला हे कसे ठरवले?"

त्याने फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आले, मग डिझेल. कॅनमधून आलेले पाणी रात्रभरात टाकीच्या तळाशी बसले होते, ते सकाळी ओढले गेले. त्याने टाकीच्या तळाचेही पाणी काढून टाकले, लाइनमधली एअर काढली, आणि जीप सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला आणि निघाला. चतुर्थी कोणासाठी थांबत नाही, म्हणाला.

भावांनो, आम्हाला लाज वाटली ती पुढे. आम्हा पाचही जणांच्या विहिरींवर एकेकाळी ऑईल इंजिन होते. एअर काढायला आम्ही लहानपणीच शिकलो होतो. जीपचे बॉनेट दिसले आणि शिकलेले विसरलो. म्हणून आज हे पुन्हा एकदा क्रमाने सांगतो.

पहिले, स्टार्टर कसा फिरतो ते ऐका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तिचा आकार सोळाव्या-विसाव्या हिश्श्याइतका केला की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. स्टार्टर मंद फिरला तर हवा तापतच नाही. तेव्हा आधी बॅटरीची टोके घासून घट्ट करा. दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका. दोन वेळांच्या मध्ये मिनिटभर थांबा.

दुसरे, धूर बघा. पांढरट धूर येतो आणि डिझेलचा वास येतो, तर डिझेल पोचते आहे, पेटत नाही. मग एअर फिल्टर चोंदला का, हीटर चालतो का, कॉम्प्रेशन आहे का, ते बघा. धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही.

तिसरे, टाकीपासून पुढे चाला. टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? इंजिन बंद करायची दोरी ओढलेलीच राहिली नाही ना? पाइप चिरला आहे का? मग फिल्टरचे पाणी काढा. फिल्टरवरचा एअरचा बोल्ट सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बोल्ट आवळा आणि पंपावरच्या बोल्टचेही तसेच करा. तरी सुरू झाले नाही तर नोझलचे नट सैल करून स्टार्टर मारा, डिझेल उडू लागले की नट आवळा. त्या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. दाबाचे डिझेल कातडीत घुसते. एवढे सगळे करूनही डिझेल पुढे गेले नाही, तरच पंपाचे नाव घ्या.

एक इशारा. कॉमन रेलच्या नव्या गाड्या आणि 2023 पासून आलेले 50 हॉर्सपॉवरच्या वरचे नवे ट्रॅक्टर यांच्या दाबाच्या नळ्यांना पाना लावू नका. तिथला दाब जीव घेणारा आहे. पाणी, फिल्टर, फ्यूज एवढेच बघा आणि जाणकाराला बोलवा.

मोटारसायकल असेल तर आधी लाल बटण आणि साइड स्टँड बघा. मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येते, ठिणगी नसावी. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही.

त्या दिवशी दुपारी रोह्याला पोचलो. तिथे कुंडलिकेच्या काठच्या एका शेतकऱ्याने पुरात बुडालेला पॉवर टिलर दाखवला. रायगडाने जुलै 1989 चा पूर पाहिला, 26 जुलै 2005 चा पाहिला. पाणी ओसरल्यावर घाईने इंजिन फिरवले आणि कनेक्टिंग रॉड वाकला. हवा दबते, पाणी दबत नाही. आपल्याही नदी-नाल्यांना पूर येतो. बुडालेले इंजिन सुरू होते का ते बघायला जाऊ नका. बॅटरी सोडवा, नोझल किंवा प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, ऑइल बदला, मगच स्टार्टर मारा.

ज्याला काम येते त्या मिस्त्रीला त्याची मजुरी जरूर द्या, घासाघीस करू नका. पण अंदाजाचे पैसे देऊ नका. कशावरून पंप गेला, एवढे विचारा. सांगता आले तरच उतरवू द्या.

पेरणीच्या आधी प्रत्येक गावात एक दिवस ठरवा. एक जुना ट्रॅक्टर उभा करा, आणि पोरासोरांकडून, लेकीसुनांकडूनही, एअर काढून घ्या. गाडीत चार पाने, एक नवा फिल्टर, स्वच्छ फडके आणि गाळलेल्या डिझेलची एक बाटली ठेवा. कॅनमधून डिझेल ओतायची वेळ आली तर दाट कापडातून गाळून ओता, आणि पावसात ओतू नका. आम्ही ओतले होते.