ताळा करायचा राहिला

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला आठवणी सांगायला उभं केलंय, पण मी जरा वेगळंच बोलणार आहे. गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून भीतभीतच. उत्तर बरोबर असलं तरी ताळा केला नाही म्हणून सर अर्धा मार्क कापायचे. पुढे मी बँकेत ३२ वर्षं लोकांचे हिशेब तपासले, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशांचा ताळा तेवढा करायचा राहिला.

आर्थिक सल्लागार म्हणून एक गृहस्थ घरी आले. ओळखीतूनच. कार्डावर 'सेबी नोंदणीकृत' आणि खाली नंबर. महिन्याला २ टक्के नक्की, म्हणाले. मी चहा पाजला आणि ग्रॅच्युइटीतले ६ लाख त्यांच्या खात्यावर पाठवले. चार महिने पैसे आले, मग फोन बंद. तेव्हा मुलीने तो नंबर सेबीच्या वेबसाइटवर टाकला, तर तो दुसऱ्याच कुणाचा! दोन मिनिटांचं काम होतं. हिला सांगायला मात्र मला तीन आठवडे लागले. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

गुंतवणूक सल्लागाराचा सेबी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या यादीत शोधायचा आणि नाव, पत्ताही जुळतो का बघायचं. फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर, कार्डावरच्या नव्हे. म्युच्युअल फंडाचे वितरक वेगळे. त्यांचा एआरएन 'अ‍ॅम्फी'च्या साइटवर सापडतो. वितरकाला कमिशन फंड कंपनी देते, सल्लागाराला फी आपण देतो. नव्या सल्लागार बाईंना मी सरळ विचारलं, "तुम्हाला पैसे कोण देतं?" विचारताना लाज वाटली खरी, पण त्या रागावल्या नाहीत, फीचा कागदच पुढे केला. गुंतवणुकीची रक्कम त्यांनी स्वतःच्या खात्यात मागितली नाही. खात्रीच्या परताव्याचं तर नावही काढलं नाही. सल्लागाराला तशी मुभाच नसते.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका मित्राने असंच एक कार्ड टाकलंय, 'महिन्याला नक्की' वगैरे. तो इथेच बसलाय. त्याने विश्वासानेच टाकलं, माझा त्याच्यावर राग नाही. जेवणानंतर मी जुन्या वाचनालयाच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो. ते कार्ड आणि तुमच्याकडची असतील तीही घेऊन या. सर, तुम्हीही या.