दम्याच्या केसपेपरवर आईवडिलांची ओळ



 औषधांविषयी या परिषदेच्या पुढच्या सत्रांत भरपूर ऐकायला मिळेल. मला बोलायचं आहे ते औषध घरी देणाऱ्या माणसाविषयी.

मुलाला रोज घ्यायचा पंप लिहून देताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. मूल अगदी ठणठणीत दिसत असलं तरी घरात कोणीतरी सकाळ-संध्याकाळ पंप हलवील, स्पेसरला लावील, मास्क नाकातोंडावर घट्ट धरील, एक दाब, चार-पाच श्वास, मग दुसरा दाब, शेवटी चूळ. तातडीच्या पंपातल्या सॅल्ब्युटामॉलने काही मिनिटांत धाप कमी होते, त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसतो. रोजच्या पंपातल्या बुडेसोनाइडचं तसं नाही. त्याचा पुरता गुण यायला आठवडे लागतात, आणि तो गुण म्हणजे काय, तर काहीच न होणं. असं औषध चालू ठेवायला पुढच्या महिन्यावर भरवसा लागतो. नैराश्य सगळ्यात आधी तोच भरवसा हिरावून घेतं.

एका आईने माझ्या टेबलावर पंप ठेवला. १२० मात्रांचा, रोज चार घ्यायच्या, महिना उलटलेला. मागच्या खिडकीत उरलेल्या मात्रांचा आकडा होता ८६. मुलाची छाती वाजत होती. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "हिला काही लक्षातच राहत नाही." आई गप्प. परिचारिका मुलाला आणि आजीला वजनकाट्याकडे घेऊन गेली, तेव्हा आई म्हणाली, "मॅडम, सकाळी जाग येते, पण अंगच उठत नाही. रात्रभर ह्याचा श्वास मोजत बसते." पंप कसा धरायचा हे तिला पुन्हा एकदा शिकवून काय साधणार होतं? ते तिला येत होतंच.

दमा रात्री आणि पहाटे उचल खातो. मूल खोकतं, आई जागते. जागरणाने मन खचतं, खचलेल्या मनाने मात्रा चुकतात, मात्रा चुकल्या की मूल पुन्हा खोकतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा एक अभ्यास २००४ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्या आयांनी मात्रा विसरल्याचं आणि मुलाला पंप नीट घेता येत नसल्याचं अधिक सांगितलं होतं. बाल्टिमोर दूर आहे, पण त्या आया आपल्या ओपीडीत रोज बसलेल्या असतात.

काळजीने पोखरलेल्या घरात वेगळंच चित्र दिसतं. शिंक आली की वाफ, दही बंद, केळं बंद, मैदानावर जायचं नाही. "पंप लागला की सुटत नाही" असं शेजारणीने सांगितलं की पंप कपाटात जातो आणि मृगाला हैदराबादचं तिकीट निघतं, मुलाला औषध भरलेला जिवंत मासा गिळवायला. त्या आईवडिलांना अडाणी म्हणणं मला मान्य नाही. ते घाबरलेले आहेत, थकलेले आहेत आणि त्यांचं ऐकायला कोणी नाही.

इथे एक धोका मला स्पष्ट सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यात दम्याचं खापर आईच्या स्वभावावर फोडलं जाई. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका निवासी संस्थेत दमेकरी मुलांना दीर्घकाळ आईवडिलांपासून दूर ठेवत. मरे पेश्किन या डॉक्टरांनी त्याला 'पॅरेंटेक्टमी' म्हटलं, जणू आईवडील हा कापून टाकायचा अवयवच. बरीच मुलं तिथे सुधारली. पण घरची धूळ, धूर, गादीतले सूक्ष्म कीटक, तेही मागेच राहिले होते, आणि दोष लागला तो आईला. आईच्या मनामुळे मुलाला दमा जडतो असं मी म्हणत नाही, कोणी म्हणू नये. दमा हा श्वासनलिकांच्या दाहाचा आजार आहे. त्याचा रोजचा उपचार मात्र आईवडिलांच्या हातून होतो, आणि ते हात गळून गेले असतील तर त्यांना आधार देणं हा मुलाच्याच उपचाराचा भाग आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. दम्याच्या केसपेपरवर एक ओळ आईवडिलांसाठी ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटतं का? नैराश्याच्या चाळणीचे हे दोन जगन्मान्य प्रश्न विचारायला फार तर दोन मिनिटं लागतात. उत्तर 'हो' आलं तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच कागदावर लिहा, तिथे मराठीत बोलता येतं. संध्याकाळची मात्रा वडिलांच्या नावावर लिहा, आणि त्यांना पंप हातात देऊन करून दाखवायला सांगा. दिवसातून एकदाच घेऊन भागत असेल, तर तसंच लिहा.

आणि हे प्रश्न सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर, रांगेतल्या दहा जणांसमोर विचारू नका. त्यासाठी एक आडोसा आणि एक खुर्ची लागेल. आपल्यापैकी ज्यांच्या हाती विभागाचं अंदाजपत्रक आहे, त्यांनी ती सोय याच वर्षी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.