झाडीपट्टीचा कंठ : स्वरविकारांची कारणे, लक्षणे व उपचार



धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या रंगभूमीचे मुख्य केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, अर्थात देसाईगंज. कुरखेडा तालुक्यातील ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री प्राप्त झाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर पोहोचले. परंतु रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकांचा भार ज्या इंद्रियावर पडतो, त्या कंठाचा विचार क्वचितच होतो. नटाचा आवाज बसला तर त्यास कोणी आजार मानीत नाही. हंगामाची खूण मानतात. ही समजूत कित्येकदा निरुपद्रवी असते. काही वेळा मात्र ती प्राणावर बेतते.

ज्यांना रूढ भाषेत स्वरतंतू म्हणतात, त्या वस्तुतः तारा नसून नाजूक त्वचेने आच्छादलेल्या स्नायूंच्या दोन घड्या होत. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने त्या परस्परांवर आदळतात आणि ध्वनी उमटतो. पुरुषाच्या साधारण बोलण्यात हे कंपन सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, तर स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास असते. म्हणजे पुरुषाने तासभर अखंड ध्वनी काढला, तर या घड्या साडेचार लाख वेळा एकमेकींवर आपटतात. त्यात वीररसाची गर्जना, शोकाचा आक्रोश, संगीत नाटकातील पदे आणि उघड्यावरची थंड हवा यांची भर पडली, म्हणजे त्यांवर सूज येणे स्वाभाविकच होय. प्राचीन वैद्यकाने हे अचूक हेरले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे सहा प्रकार वर्णिले असून त्याच्या कारणांत अतिउच्च भाषणास अग्रस्थान दिले आहे.

सूज आलेली असतानाच नट पुन्हा उभा राहतो, कारण प्रयोग ठरलेला असतो आणि त्या रात्रीच्या बिदागीवर घर चालते. आवाज निघत नाही म्हणून तो अधिक जोर लावतो. जोर लावल्याने सूज वाढते. या चक्रातून कालांतराने दोन्ही घड्यांवर समोरासमोर घट्टे धरतात, कुदळ धरणाऱ्याच्या तळहातावर धरतात तसेच. एकाच जोरदार आरोळीने रक्तवाहिनी फुटून एका बाजूस फोडासारखी गाठ येणेही संभवते. आवाज घोगरा होणे, वरच्या पट्टीतील स्वर हरपणे, बोलता बोलता आवाज फाटणे, सकाळी बरा असलेला गळा संध्याकाळी थकणे ही त्यांची लक्षणे होत. हाच क्रम शिक्षक, प्रवचनकार आणि बाजारातील विक्रेता यांच्याही वाट्यास येतो.

तथापि प्रत्येक घोगरेपणा श्रमाचा नसतो. डाव्या स्वरतंतूस चालना देणारी मज्जा छातीत उतरून हृदयाच्या मोठ्या रोहिणीस वळसा घालते व पुन्हा गळ्यात चढते. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग वा छातीतील अन्य गाठ यांची पहिली वार्ता कधीकधी आवाजच देतो. क्षयरोग प्रत्यक्ष स्वरयंत्रातही उतरतो. जठरातील आम्ल वर येऊन घसा जळतो. रात्री जागून, पहाटे जेवून लगेच आडवे होणाऱ्यास हा त्रास विशेष. मानसिक आघाताने अकस्मात वाचा बसलेल्या व्यक्तीचे स्वरयंत्र पुष्कळदा निर्दोष आढळते, आणि तिला ढोंगी ठरविणे हा मोठाच अन्याय होय.

सर्वांत भयावह कारण म्हणजे स्वरयंत्राचा कर्करोग, आणि त्याचे मुख्य निमित्त धूम्रपान. ज्या तेंदूपानात विडी वळली जाते, ते याच अरण्यांतून जाते, हा दैवदुर्विलास म्हणावा. खर्ऱ्याचा पहिला घाव तोंडावर बसतो. विडीचा धूर मात्र थेट स्वरतंतूंवरून जातो. सुदैवाने येथील कर्करोग आरंभीच आवाज बदलतो, म्हणजे शरीर वेळेवर सूचना देते. त्या अवस्थेत किरणोपचाराने वा मर्यादित शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात व आवाजही राहतो. विलंब झाला तर संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. म्हणून घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला, तर घसा तज्ज्ञाकडून पाहून घेणे अनिवार्य आहे. धूम्रपान करणाऱ्याने तर इतकीही वाट पाहू नये. गिळताना वेदना, मानेत गाठ, थुंकीत रक्त वा श्वासास अडथळा असल्यास एक दिवसही दवडू नये.

ही तपासणी अवघड नाही. १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनगुरूने लहान आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. आज दुर्बिणीने काही मिनिटांत ते पडद्यावर दिसतात. चंद्रपूरला २०१५पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने प्रत्येकास नागपूर गाठावे लागत नाही. तरी भामरागड-सिरोंचाकडील रुग्णास चंद्रपूरही दूरच, हेही खरे.

उपचारात औषधापेक्षा शिस्तीचा वाटा मोठा. सूज असता मौन हेच पहिले औषध. कुजबुज म्हणजे मौन नव्हे, तिनेही गळ्यावर ताण पडतो. प्रवेशापूर्वीचा पाण्याचा घोट स्वरतंतूंना स्पर्शही करीत नाही, तो अन्ननलिकेत जातो; दिवसभर प्यालेले पाणीच त्यांना ओलावा देते. साध्या पाण्याची वाफ हितावह. ज्येष्ठमधाने घशास आराम वाटतो, पण घट्टे जात नाहीत. प्रयोगापूर्वी सूज उतरविणारे इंजेक्शन घेऊन उभे राहणे हा तर धोक्याचा मार्ग. वेदना झाकली जाते, इजा वाढते. वाचोपचारतज्ज्ञाकडून श्वासाचा आधार व आवाजाची फेक शिकल्यास पुष्कळांचे घट्टे शस्त्रक्रियेविनाच विरतात. मराठीत आवाजाच्या साधनेचा शास्त्रशुद्ध विचार डॉ. अशोक दा. रानडे यांनी मांडला. तो शहरी रंगमंचापुरता राहण्याचे कारण नाही.

गाठ काढावीच लागली, तर सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मौन व पुढे काही आठवडे वाचोपचार आवश्यक असतात. होळी ते दिवाळी हा काळ झाडीपट्टीच्या नटास त्यासाठी मोकळा मिळतो. साधे घट्टे तोवर थांबू शकतात, मात्र ते साधे आहेत हे दुर्बिणीने आधी ठरले पाहिजे.