घरातला घातक कचरा



मधुमेहाचे इंजेक्शन घेतल्यावर सुई कोठे जाते? बहुतेक घरांतून ती भाजीच्या देठांबरोबर पिशवीत जाते आणि तेथून कचरा निवडणाऱ्या एखाद्या बाईच्या बोटात. रक्तातून पसरणारी ब प्रकारची कावीळ अशा टोचण्यातून जडू शकते. सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवाव्यात, झाकण घट्ट लावावे, वर ठळक अक्षरांत लिहावे.

दुसरी वस्तू पाऱ्याचा थर्मामीटर. तो फुटल्यास मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा. झाडू मुळीच लावू नका. पारा बारीक होऊन पसरतो, त्याची वाफ श्वासात जाते. पुठ्ठ्याने थेंब गोळा करून बरणीत बंद करा, मोरीत टाकू नका. जपानात मिनामाटा येथे 1956 मध्ये उघडकीस आलेला रोग कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे, मासळीवाटे माणसांत आला होता. दांड्याला मासळीचे मोल मी काय सांगावे!

जुने सेल, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे हेही 2016 च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यातच धरले होते. सेलमधील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली. पण आपण सेल वेगळे ठेवले तरच ना! महापालिकेने 2025 मध्ये विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी निराळी सेवा सुरू केली. ती नोंदणीवर चालते. सोसायट्या नोंदणी करतील. गल्लीतल्या सुट्या घरांचे काय? एच पश्चिम विभाग कार्यालयात मोहल्ल्याने एकत्र अर्ज द्यावा, असे मला वाटते. मसुदा सभेनंतर मजजवळ मिळेल.